फासा नंबर चार

पिंपरीच्या चौकापासून चाकणपर्यंत रस्त्यात जेवढे सिग्नल आहेत, त्या सगळ्यांना बाकीच्या जनतेनं मिळून जेवढा मान दिला असेल, त्याहून जास्त मान आमच्या पराग्याच्या मामांनी एकट्यानं दिलाय. सकाळच्या शिफ्टला जायची वेळ असू दे, चौकात एक कुत्रं आणि एक मामा एवढेच असू देत, लाल दिवा लागला की मामा स्कूटर बंद करून, एक पाय टेकून थांबलेले. कुत्रं कंटाळून निघून जातं. मागून एखादा टेम्पोवाला हॉर्न मारतो, तेव्हा मामा मागं वळून त्याला बोटानं दिवा दाखवतात. न जाणो, बिचाऱ्याच्या नजरेतून सुटला असेल. जगात लोक बायकापोरांवर प्रेम करतात, गावावर करतात, क्रिकेटवर करतात. मामा नियमांवर करतात, आणि नियम कुठला, कुणी केला, कशासाठी केला, हे ते विचारत नाहीत. लिहिलेला आहे ना, मग झालं.

पराग माझा रूम पार्टनर. मी बार्शीचा, डिप्लोमा करून इकडं कंपनीत लागलो. तो हिंजवडीत कॉम्प्युटरपुढं बसतो. आमची रूम संत तुकाराम नगरात आणि मामांचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत. मामा मूळचे चऱ्होलीचे. गावाच्या जागी आता बिल्डिंगा उभ्या आहेत, पण मामांच्या तोंडात गाव तसंच्या तसं आहे, व्हय आणि न्हाई सकट. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला. पार्ट उचलायचा, मापायचा, पास असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल. एकतीस वर्षं हेच केलं की माणसाचे डोळे तसेच होतात. मामा भाजीवाल्याकडं उभे राहिले की भाजीवाला स्वतःच दोन टोमॅटो काढून बाजूला ठेवतो.

घरही त्यांनी तसंच ठेवलंय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक वस्तूची पेन्सिलीनं आउटलाइन काढलेली, लाटण्याच्या जागी लाटणं, झाऱ्याच्या जागी झारा. मामी मुद्दाम झाऱ्याच्या जागी पळी टांगतात. मामा येतात, बघतात, पळी काढून पळीच्या जागी टांगतात, काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी पळी परत झाऱ्याच्या जागी. हा संसार असा बिनबोभाट कित्येक वर्षं चाललाय.

आता खेळाचं सांगतो. दर रविवारी दुपारी आमच्या रूमवर मी, पराग आणि पराग्याच्या ऑफिसातली मृणाल, असे तिघं एक खेळ खेळायचो. मृणाल कासारवाडीची. खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार. सूत्रधार म्हणतो, समोर दरी आहे. तुम्ही म्हणता, मी उडी मारतो. उडी जमली का नाही, ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर पलीकडं, छोटा पडला तर खाली. या सगळ्याचं तीनशे पानांचं नियमांचं पुस्तक असतं, ते पराग्यानं विकत आणलं होतं आणि आम्ही कोणी पाच पानांच्या पुढं वाचलं नव्हतं. जे आठवेल ते नियम, जे नाही आठवणार ते पराग ठरवेल.

मामांना वाटलं, पोरं खोलीत बसून फासे टाकतात म्हणजे जुगार. म्हणून एका रविवारी तपासणीला आले. अर्धा तास दाराजवळ उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "ह्ये सारं कुठं लिवलंय का तुमी मनानं बोलताय?" पराग्यानं पुस्तक दिलं. ते बघून मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नवरदेवांच्या चेहऱ्यावर पण पाहिलेलं नाही. पुस्तक घरी नेलं. इंग्रजी पुस्तक, मामांची शाळा गावातली, पण कंपनीच्या इंग्रजी स्टँडर्डांची सवय. पुढच्या रविवारी आले ते अकरा शंका आणि तेवीस चुका घेऊन. चुका आमच्या, शंका पुस्तकाच्या. पराग्या म्हणाला, "मामा, मग तूच चालव." मामा म्हणाले, "चालवतो. पर सिस्टीमनं."

तेव्हापासून खेळ मामांच्या घरी. आणि सिस्टीमनं.

पहिलं काम फाशांचं. आमच्याकडं सात फासे होते. मामांनी कंपनीतून रिटायर झालेला, केसाएवढा फरक मापणारा स्वतःचा व्हर्नियर काढला आणि प्रत्येक फासा सगळ्या बाजूंनी मापला. मग मिठाच्या पाण्यात तरंगवून बघितला, एकच आकडा सारखा वर येतोय का ते. मग प्रत्येक फासा दोनशे वेळा टाकून आकडे मांडले. पराग्याचा हिरवा फासा होता, त्याच्यावर लई वेळा वीस पडायचे, पराग्या त्याला कपाळाला लावून टाकायचा. मामांनी त्याला लाल टॅग बांधला. "मामा, तो लकी आहे माझा," पराग काकुळतीला आला. मामा म्हणाले, "लकी म्हंजे वाकडा." फासा कुलपाच्या डब्यात गेला तो गेलाच. बाकीच्या सहांना नंबर मिळाले, आणि प्रत्येकाला गोळ्यांची असते तशी एक डबी. डबीवर स्टिकर, कधी तपासला आणि पुढची तपासणी कधी. सहा महिन्यांची मुदत. स्टिकर फाशावर नाही लावायचा, कारण त्यानं फाशाचं वजन एका बाजूला जातं. कंपनीत मापायच्या प्रत्येक हत्याराला असाच स्टिकर असतो, मुदत संपली की त्या हत्यारानं मापलेलं काहीच धरत नाहीत. मामांच्या मते फासा हेही मापायचं हत्यार. काय मापायचं, असं मृणालनं विचारलं, तर म्हणाले, "नशीब." आणि रजिस्टरमध्ये लिहायला लागले.

फासा टाकायचा स्टीलच्या ताटात. ताट सपाट आहे का, ते गवंड्याच्या लेव्हलनं बघितलेलं. ताटाबाहेर पडला, धरत नाही. ताटाच्या काठाला टेकून तिरका राहिला, धरत नाही. एकदा माझा फासा पोह्यातल्या शेंगदाण्याला टेकून राहिला, स्वच्छ वीस दिसत होते, मी आधीच नाचायला लागलो होतो. मामांनी शेंगदाणा चिमटीत उचलला, फासा कलंडला, तीन. शेंगदाणा त्यांनी खाल्ला.

मामांचं गोष्ट सांगणंही इन्स्पेक्शन रिपोर्टसारखं. पराग सूत्रधार असताना राक्षस यायचा तो ढगांच्या गडगडाटात, डोळ्यांतून आग ओकत. मामांचा राक्षस असा यायचा: "राक्षस हाय. उंची साडेअकरा फूट, दोन इंच इकडं-तिकडं. डावा सुळा तुटका. उजव्या खांद्यावर गंज."

"मामा, राक्षसाला गंज?" मी.

"जुना हाय त्यो."

पण खरं सांगू का राव, त्या गंजाची भीती वाटायची. पराग्याचे राक्षस कार्टून वाटायचे. मामांचा राक्षस वाटायचा की बाहेर जिन्यात उभा आहे, आणि त्याच्या कागदपत्रांसकट उभा आहे.

गुहेत शिरायचं म्हटलं की मामा विचारणार, डोक्यावर काय घातलंय. मशाल पेटवली की विचारणार, तेलाची बुधली कुठं ठेवली. माझा योद्धा एकदा दोन तलवारी, चार दोर, साठ मशाली, तंबू आणि सापडलेली एक पेटी असं सगळं घेऊन हिंडत होता. पुस्तकात किती वजन उचलता येतं त्याचा नियम आहे, आम्ही कधी मानला नव्हता. मामांनी बेरीज केली. ब्याऐंशी किलो. मी म्हटलं, "मामा, योद्धा आहे तो, उचलेल." मामा मला आत घेऊन गेले, गव्हाचं पंचवीस किलोचं पोतं पाठीवर दिलं, हातात लाटणं दिलं आणि म्हणाले, "जिना उतर आन तलवार चालीव." मी उतरलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून बघत राहिल्या. वर येऊन मी साठातल्या छप्पन्न मशाली मुकाट टाकून दिल्या. लाटणं आउटलाइनमध्ये परत लावलं.

मला नकला करायची खोड आहे, शाळेत याच्यावर मार खाल्लाय. मामांची नक्कल तर करायलाच हवी होती. ते "नियम" म्हणताना मान थोडी वाकडी करतात आणि चष्म्याच्या वरून बघतात. मी एकदा स्वयंपाकघरात मामींना करून दाखवत होतो, मागं मामा उभे. मामींचं हसू एकदम थांबलं तेव्हा मला कळलं. मामा शांतपणे म्हणाले, "मान मी डावीकडं करतो. तू उजवीकडं केली. रिवर्क."

मामी खेळात कशा आल्या, ते सांगायलाच पाहिजे. आम्ही एका किल्ल्याच्या दारात अडकलो होतो. दारात पहारेकरी, म्हणजे मामाच. आम्ही त्याला धमकी दिली, लाच दिली, माझ्या योद्ध्यानं गाणं म्हणून दाखवलं, सगळ्या वेळी फासा पडला छोटा. मामी पोह्याच्या डिश घेऊन आल्या, दाराला टेकून ऐकत राहिल्या, आणि म्हणाल्या, "अरे, त्याला विचारा तरी, जेवलास का म्हणून."

मी विचारलं. मामा पुस्तकाची पानं उलटत राहिले. मग पहारेकरी खालच्या आवाजात म्हणाला, "न्हाई जेवलो." आणि लगेच मामा परत मामा झाले. "पर नुसतं बोलून दार उघडत न्हाई. फासा टाकाया लागतो."

"तीस वर्षं नुसतं बोलूनच चालवलंय की मी," मामी म्हणाल्या, पण फासा टाकला. एकोणीस.

त्या दिवशी मामी बसल्या. पात्र करायला घेतलं तेव्हा मामांनी फॉर्म भरायला सुरुवात केली, नाव काय, वय काय, धंदा काय. मामी म्हणाल्या, नाव ठकूबाई. वय माझंच लिहा. धंदा चोरी. भिंती चढणारी पाहिजे, आणि गुडघे चांगले द्या. मामींचे गुडघे तीन वर्षांपासून गेलेले. डॉक्टरनं जिना बंद सांगितलाय, तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळं महिन्यातून एखाद वेळा दवाखान्याला तेवढं खाली उतरायचं, ते पण मामांच्या खांद्यावर हात ठेवून, दर पायरीला थांबत. मामांनी फॉर्मवर लिहिलं, गुडघे चांगले. खाली सही केली.

ठकूबाई चढली राव. देवळांच्या शिखरावर चढली, राजाच्या माडीवर चढली, एकदा त्या गंजक्या राक्षसाच्या पाठीवर चढली. मामी गॅसवर भाजी टाकून यायच्या, फासा टाकायच्या, "मी वर पोचले, तुम्ही बसा बोंबलत खाली," म्हणायच्या आणि भाजी हलवायला जायच्या. शेजारच्या बायका आल्या की त्यांनाही ठकूबाई कुठं कुठं जाऊन आली ते सांगायच्या. त्या बायकांना काही दिवस वाटत होतं की ठकूबाई ही मामींची नणंद आहे.

दीड वर्ष हे चाललं. आणि मार्चमधल्या एका रविवारी ठकूबाई मेली.

बुरुजावर चढायचं होतं, साठ फूट. पराग म्हणत होता, मी जादूनं जातो. मामी म्हणाल्या, मी असताना जादू कशाला. आठ किंवा वर पाहिजे होते. पडले दोन. पुस्तकात अशा वेळी जीव वाचवायची एकच शेवटची संधी असते, दहा किंवा वर. मामींनी फासा नंबर चार हातात खुळखुळवला आणि टाकला. ताटाच्या बरोबर मधोमध, सरळ, कुठंही न टेकता, चार.

मामांनी पुस्तकात बघितलं. परत बघितलं. मग रिपोर्ट वाचावा तसं म्हणाले, "ठकूबाई. उंची साठ फूट. मयत."

"बरं," मामी म्हणाल्या. "चहा टाकते."

मृणालला राहवलं नाही. "मामा, एवढं काय हो. चालवून घ्या ना चार. आपण आपणच तर खेळतोय."

"आज चार चालीवला तर फुडच्या येळंला तीन का न्हाई? मंग फासा टाकायचाच कशाला, हातात धरून बसा."

"अरे पण मामी आहे ती," पराग म्हणाला.

"तुजा जादूगार दोनदा मेला. तवा न्हाई कुनी असं बोललं."

मामांशी असं बोलून काही होत नाही, हे कंपनीतल्या लोकांनाही माहीत आहे. पराग्यानं मला सांगितलेली गोष्ट. एकदा माल भरून गाडी गेटवर उभी होती आणि मामांनी एका पेटीला लाल टॅग लावला. केसाच्या निम्म्या जाडीचा फरक. मोठे साहेब खाली आले, आधी समजावलं, मग ओरडले, म्हणाले सही करा, जबाबदारी माझी. मामा त्या पेटीवर बसले. म्हणाले, "साहेब, सही पायजे आसल तर दुसऱ्याचा हात आना." गाडी त्या पेटीशिवाय गेली. मामांच्या मागून लागलेली पोरं सुपरवायझर झाली, मामा एकतीस वर्षं इन्स्पेक्टरच. त्याचं त्यांना काही वाटत नाही, किंवा वाटत असेल तर त्याचा फॉर्म त्यांनी अजून भरलेला नाही.

पुढच्या रविवारी मामी बसल्या नाहीत. मामांनी नवा फॉर्म काढून ठेवला होता. "दुसरी बाई बनीव," म्हणाले. मामी म्हणाल्या, "नको. भाजी लागते खाली." रुसल्या वगैरे नव्हत्या. पोहे तसेच, लिंबू तसंच, आमची चौकशी तशीच. फक्त बसायच्या नाहीत. शेजारणींना काही सांगायच्या नाहीत. आणि मामांच्या जास्त लक्षात आलं ते वेगळंच होतं. झाऱ्याच्या जागी झारा होता. पळीच्या जागी पळी. तीन आठवडे भिंत एकदम बरोबर. मामा पाणी प्यायला आत जायचे, भिंतीकडं बघायचे आणि पाणी न पिताच बाहेर यायचे.

खेळातलं लक्ष गेलं त्यांचं. राक्षस आला तर उंची सांगायला विसरले. माझ्या योद्ध्यानं परत साठ मशाली उचलल्या, कोणी बोललं नाही. मग मीच चार ठेवून बाकीच्या टाकल्या, मला कसंतरी व्हायला लागलं. दुसऱ्या रविवारी ते पुस्तक उघडून नुसतेच बसले होते. मेलेल्याला उठवायचं काही आहे का त्याच्यात, ते शोधत होते. होतं, पण त्याला फार मोठा पुजारी लागतो, आणि आमच्यात होता एक योद्धा, दोन जादूगार आणि गव्हाचं पोतं. पराग म्हणाला, मामा, सापडला आपल्याला पुजारी, असं समजू. मामा म्हणाले, "कुठं सापडला? कुठल्या पानावर?"

चौथ्या रविवारी आम्ही गेलो तर मामा उभे होते. बसायच्या खुर्चीमागं उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात रजिस्टर. मामींना हाक मारली. "अगं, जरा भायेर ये. कामाचं हाय."

मामी पदराला हात पुसत आल्या.

मामांनी वाचायला सुरुवात केली. फासा नंबर चार. तपासणी सात ऑगस्ट. मुदत सहा महिने. मुदत संपली सात फेब्रुवारी. मार्चमध्ये वापरला. मुदत संपलेल्या हत्यारानं घेतलेलं माप धरता येत नाही, त्यामुळं ठकूबाईचा निकाल होल्डवर. चूक कुणाची, तपासणाऱ्याची. कारण, हलगर्जीपणा. एवढं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एकतीस वर्सात पयल्यांदा झालं. मापी असावी."

पराग आणि मृणाल एकमेकांकडं बघायला लागले. मृणालनं रजिस्टर हातात घेतलं, डबीवरचा स्टिकर बघितला, दोन्हीकडं ऑगस्ट. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

आता ती ओळ माझ्या हातची होती. फासा नंबर चार तपासला तेव्हा मीच होतो. पराग गावाला लग्नाला गेला होता, मृणालला ऑफिसचं काम होतं, आणि मी एकटाच आलो म्हणून मामांनी मला बसवून दोनशे वेळा फासा टाकायला लावला होता. स्वेटर घालून टाकत होतो. मामी आतून म्हणाल्या होत्या, किती वेळ तो खुळखुळा. डिसेंबर होता. सात डिसेंबर. मी बारा लिहिलं होतं, माझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मुदत जूनपर्यंत होती. आणि आता त्या बाराच्या जागी एक पांढरा ठिपका होता, थोडा उंच, बोटाला लागत होता, आणि त्याच्यावर सुबक आठ. मामांच्या घरात व्हाइटनर म्हणजे पुजाऱ्याच्या घरात अंड्याची टरफलं. कंपनीत एका नव्या पोराच्या टेबलावर बाटली दिसली होती, तर मामांनी ती उचलून स्वतःच्या हातानं भंगारात टाकली होती, म्हणाले होते चूक झाली तर रेघ मारा, दिसू दे चूक. आणि इथं तर चूकही नव्हती.

मी वर बघितलं. मामा माझ्याकडं बघत नव्हते. पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

माझं तोंड किती चालतं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. माझ्याकडं त्या क्षणाला निदान चार जोक तयार होते, त्यातला एक खरंच भारी होता. मी म्हटलं, "व्हय मामा. डेट गेलीय."

मामा बसले. फासा नंबर दोन काढला, डबी सगळ्यांना दाखवली, मुदत मेपर्यंत. "आता ह्येनं टाक," मामींना म्हणाले. "दहा किंवा वर. पडंल ते पडंल. परत न्हाई." आणि ते अगदी खरं होतं, परत पडला असता चार तर त्यांनी परत मयतच म्हटलं असतं. तेवढ्यापुरतं वाकले होते, त्याच्या पलीकडं एक इंच नाही.

मामींनी फासा घेतला. टाकला. ताटाला लागून तो उडाला, फरशीवर गेला, टीपॉयखाली जाऊन थांबला. मृणालनं वाकून बघितलं. तिचा चेहरा बघूनच कळलं. "तीन," ती म्हणाली.

"ताटाभायेर," मामा म्हणाले. "धरत न्हाई." हा नियम होता. पहिल्या दिवसापासून होता. पण एवढ्या घाईनं सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मामींनी परत टाकला. तेरा.

मामांनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि वाचून दाखवलं, "ठकूबाई. साठ फूट. वाचली. डावा हात मुका मार." मामी म्हणाल्या, "मुका मार कशाला, तेरा पडलेत की." "साठ फूट हाय," मामा म्हणाले, "कायतरी व्हनारच." मग मामी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, आता परत चढते, एका हातानं.

मध्ये मी कपबशा ठेवायला आत गेलो. मामी गॅसपाशी होत्या. दुधाची पिशवी कात्रीनं कापत होत्या. पिशवीकडंच बघत म्हणाल्या, "दुधाच्या पिशवीचीसुद्धा तारीख बघितल्याशिवाय घेत नाहीत रे ते. कधी चुकलेली नाही." मी म्हटलं, हो मामी. दूध पातेल्यात ओतलं. भिंतीवरची पळी काढून ढवळलं आणि धुऊन झाऱ्याच्या जागी टांगली.

त्याला आता दोन वर्षं झाली. मृणाल लग्न करून बंगळूरला गेली, ती फोनवरून खेळते, तिचा फासा आमच्यापैकी कोणीतरी टाकतो. मामा रिटायर झाले, शेवटच्या दिवशी पण एक पेटी रिजेक्ट करून आले म्हणतात. ठकूबाई जिवंत आहे. खेळ सिस्टीमनंच चालतो, शेंगदाणासुद्धा माफ नाही, पराग्याचा जादूगार मध्ये तिसऱ्यांदा मेला आणि मेलाच. कोणी त्याच्यासाठी रजिस्टर काढलं नाही.

एकच बदललंय. सहा महिन्यांनी फाशांची तपासणी आली की मामा मला बोलावून घेतात. दोनशे वेळा टाकतात, आकडे मांडतात, व्हर्नियर लावतात, सगळं स्वतः. आणि मग रजिस्टर माझ्याकडं फिरवतात. पहिल्या वेळी मी म्हटलं, "मामा, सही तुमची असते." मामा म्हणाले, "आता तू करायची. माजी चालत न्हाई." का, ते मी विचारलं नाही. मामी आतून विचारतात कधीकधी, अहो, त्याला कशाला ताटकळत ठेवता, करा की तुम्हीच. मामा ऐकू न आल्यासारखं करतात.

मग मी सही करतो. माझी सही म्हणजे कुणीतरी पेन झटकून बघितल्यासारखी. मामा चष्मा वर करून ती बघतात, बराच वेळ बघतात, आणि दर वेळी तेच म्हणतात, "तारीख नीट घाल."

मी नीट घालतो.